ट्रेलरचे गोत्र

डेलबर्ट श्रॉकने पिकअपच्या मागे जोडून तो ट्रेलर अंगणात ओढत आणला तेव्हा नोरीन भांडी विसळत होती. तिने खिडकीतून एकदा पाहिले आणि हातातली ओली बशी तशीच घेऊन ती मागच्या दारात आली.

"हे काय आहे?"

"ट्रेलर."

"चाकं दिसतायत मला. पण हे आहे काय?"

"जुना ट्रेलर आहे, नोरीन. जुन्या पद्धतीचा. असा आता शोधून मिळत नाही."

"शोधणार कोण? आणि वास कसला येतोय?"

"कोंबड्यांचा. त्या शेतकऱ्याने बरीच वर्षं त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. आता नाहीत."

तेवढ्यात ट्रेलरच्या दारातून एक तांबडी कोंबडी खाली उतरली, नोरीनकडे पाहून मान वाकडी केली आणि गॅरेजच्या दिशेने निघून गेली.

"ही एक राहिली असेल," डेलबर्ट म्हणाला.

इंडियानाच्या त्या उत्तरेकडच्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी ट्रेलरच्या कारखान्यात राबलेले असते. डेलबर्टही शाळा सुटल्यापासून निवृत्त होईपर्यंत ट्रेलरला खिडक्या बसवत होता. त्याने बसवलेल्या खिडक्यांतून लोकांनी डोंगर पाहिले, वाळवंटे पाहिली, दोन्हीकडचे समुद्र पाहिले. नोरीनने मात्र ट्रेलरमध्ये एक रात्रही काढलेली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लग्नाच्या वेळी डेलबर्टने तिला मिशिगन सरोवराच्या काठी ट्रेलर लावून राहायचे कबूल केले होते. मग मुले झाली, मग कारखान्यातले जादा तास आले, मग छप्पर बदलायचे निघाले. नोरीनने फार कटकट केली नाही. ती विसरलीही नाही.

"आत पलंग आहे?" तिने विचारले.

"आहे. म्हणजे होईल."

"मग चार जुलैच्या सुट्टीत मी त्यावर झोपणार. सरोवराच्या काठी. सकाळी डोळे उघडले की पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे."

"नक्की!"

"हे 'नक्की' मी पूर्वी ऐकलंय, डेल. या वेळी झालं नाही तर मी मार्लिसकडे जाईन. तिच्या केबिनमधून तळं दिसतं. आणि तिच्याकडे जादा पलंग एकच आहे, तोही अरुंद."

मार्लिस म्हणजे नोरीनची बहीण. बहिणीने चुकीच्या माणसाशी लग्न केले, हे आपले मत तिने लग्नाच्या दिवशी सांगितले होते आणि त्यात अजून बदल केलेला नव्हता. डेलबर्टने त्याच दिवशी ट्रेलर धुवायला घेतला.

कोंबड्यांचा प्रश्न साबणाने आणि पत्र्याच्या पट्टीने सुटला. खरा प्रश्न जागेचा होता. सरोवराकाठच्या ट्रेलर लावायच्या जागा सुट्टीसाठी हिवाळ्यातच भरून जातात. पाण्यालगतची एक अख्खी रांग तेवढी जुन्या ट्रेलरवाल्यांच्या मंडळाने आपल्या वार्षिक मेळाव्यासाठी धरून ठेवलेली असे. डेलबर्टने मंडळाला फोन केला. मंडळाने आनंद व्यक्त केला आणि विचारले, "कोणत्या कंपनीचा? कोणत्या सालचा?"

डेलबर्टला ते माहीत नव्हते. ट्रेलरच्या पुढच्या बाजूला कंपनीचा बिल्ला असतो, तिथे फक्त दोन भोके होती. शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणाला, "मी घेतला तेव्हा तो पांढरा होता." त्या मुलुखात माणसाला कोणी गोत्र विचारत नाही. बाप कोण, आजा कोण, कशाशी कोणाला देणेघेणे नसते. पण ट्रेलरला गोत्र नसेल तर त्याला पंगतीत पान मिळत नाही. मंडळाचा नियम पक्का होता: दोन जाणत्या सभासदांनी पाहून एकमताने नाव आणि साल सांगायचे, मगच जागा.

दोन जाणते सभासद होते. त्यांची अडचण एवढीच होती की ते एकमेकांशी बोलत नव्हते.

पहिला वेन्डेल फायफर. हा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला गृहस्थ. खिशात छोटी बॅटरी आणि लोहचुंबक बाळगायचा. दुसरी जोआन टिबेट्स, मंडळाची चिटणीस. तिची सगळी नोकरी दाताच्या दवाखान्यात गेली होती, त्यामुळे कोणतेही दार दिसले की ती आधी ते उघडून आत डोकावायची. दोन मेळाव्यांपूर्वी वेन्डेल चारचौघांत म्हणाला होता की जोआनच्या ट्रेलरचे पडदे ट्रेलरपेक्षा तीन वर्षांनी तरुण आहेत. तेव्हापासून दोघांमधला सगळा संवाद खजिनदारामार्फत चाले.

आधी वेन्डेल आला. तो ट्रेलरखाली सरपटत गेला, बराच वेळ आत राहिला आणि बाहेर येऊन पाठीवरची माती न झटकता म्हणाला, "सिल्व्हर लार्क. छप्पन साल. खिडक्यांचे कोपरे बघ. एवढे गोल कोपरे दुसरा कोणी करत नव्हता."

"खात्री आहे?"

"डेलबर्ट, मी गणिताचा माणूस आहे. 'असेल', 'वाटतं', असलं माझ्याकडे नसतं. खाली पांढरा, वर लोण्यासारखा पिवळा. रंगवायला घे."

डेलबर्टने रंगवायला घेतले. डावी बाजू पांढरी-पिवळी होऊन वाळत होती तेवढ्यात जोआनबाई आल्या. त्यांनी गाडी उजवीकडे लावली, दार उघडले, बंद केले, पुन्हा उघडले.

"मेडो क्वीन," त्या म्हणाल्या. "त्रेपन्न. या बिजागऱ्या बघून मला रडू येतंय."

"वेन्डेल सिल्व्हर लार्क म्हणाला."

"त्याला खिडकीपलीकडे काही दिसलंय कधी? दार बघावं माणसानं, दार. मेडो क्वीन खालून पांढरी आणि वरून हिरवी असते. पुदिन्यासारखी हिरवी. आणि हे बघ, मी त्याच्या विरुद्ध बोलतेय म्हणून नाही सांगत. तो चुकतोय म्हणून सांगतेय."

डेलबर्ट हा कोणालाही नाही म्हणू न शकणारा माणूस होता. अशा माणसाच्या हातात ब्रश देऊ नये. त्याने उजवी बाजू पांढरी-हिरवी केली. वेन्डेल येताना डावीकडच्या गल्लीतून येई, जोआनबाई उजवीकडून येत, आणि दोघेही आपापल्या बाजूकडे पाहून समाधानाने मान डोलावत. सगळे सुरळीत चालले आहे असे डेलबर्टला वाटू लागले.

"दोघांना एकदम यावं लागलं तर?" नोरीनने विचारले.

"ते कशाला एकदम येतील?"

"एकमतानं सांगायचंय ना? मग एकमत काय पोस्टानं पाठवणार आहेत?"

याचा डेलबर्टने विचार केला नव्हता. नोरीनने केला. तिने दोघांनाही रविवारी चर्चनंतर जेवायला बोलावले, आणि दोघांनाही दुसरा येणार असल्याचे सांगितले नाही. मंद आचेवर शिजवलेल्या मांसाचा पॉट रोस्ट होता, कुस्करलेले बटाटे होते, वर दालचिनीचा केक होता. पोटभर जेवलेला माणूस भांडत नाही असा तिचा अनुभव होता. तो अनुभव डेलबर्टपुरता होता.

जेवण झाले आणि पाहुणे अंगणात आले. वेन्डेलने ट्रेलरला उजवीकडून वळसा घातला, जोआनबाईंनी डावीकडून.

"हे हिरवं काय आहे?" पलीकडून वेन्डेलचा आवाज आला.

"आणि हे पिवळं कुणाचं डोकं?" अलीकडून जोआनबाईंचा.

पडद्यांचा विषय निघायला मग वेळ लागला नाही. खजिनदार हजर नसल्यामुळे दोघांना थेट एकमेकांशी बोलावे लागले, आणि दोन वर्षांचे साठलेले होते. डेलबर्ट मध्ये उभा राहून "केक घेणार का अजून?" असे आळीपाळीने दोन्ही बाजूंना विचारत राहिला. शेवटी दोघेही दमले. वेन्डेल म्हणाला, "छत उघडा. वाद नको. वरच्या फासळ्या बघितल्या की कळेल."

"उघडाच," जोआनबाई म्हणाल्या. "मी कधीची तेच म्हणणार होते."

"छताला कोणी हात लावायचा नाही," नोरीन म्हणाली. "या अख्ख्या डब्यात तेवढं एकच गळत नाही."

पण पडद्यांच्या भांडणानंतरचे ते पहिले एकमत होते, आणि एकमतापुढे नोरीनचे एकटीचे मत टिकले नाही. डेलबर्टने पलंगाच्या वरची आतली फळी सोडवली. आत छताला आधार देणाऱ्या लाकडी फासळ्या होत्या. अक्रोडाच्या, काळसर, गुळगुळीत. आणि प्रत्येक फासळीला गोल भोकांची एकेक ओळ, एका मापाची, एका अंतराने.

वेन्डेलने बॅटरी लावली आणि मग ती लावलेलीच विसरला. जोआनबाई कडेच्या बाकावर बसल्या.

"ऑर्गनचं लाकूड," वेन्डेल हळूच म्हणाला.

"पेनीरॉयल," जोआनबाई म्हणाल्या.

"पेनीरॉयल," वेन्डेल म्हणाला, आणि त्याने चक्क तिचा हात हातात घेतला.

पेनीरॉयल म्हणजे काय ते मग दोघांनी एकमेकांचे शब्द तोडत सांगितले. चर्चमध्ये वाजवायचे ऑर्गन बनवणारा एक छोटा कारखाना होता. ऑर्गन खपेनासे झाले तेव्हा मालकाने नळ्या बसवायच्या, शिल्लक राहिलेल्या भोकांच्या पट्ट्या वापरून ट्रेलर बनवायला घेतले. एक हिवाळा बनवले आणि कारखाना बंद पडला. आता सबंध देशात एकच पेनीरॉयल शिल्लक होता, आणि त्याचाही मागचा अर्धा भाग नव्हता. म्हणजे धड असा हा एवढाच.

डेलबर्टचा ऊर भरून आला. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या ट्रेलरला खिडक्या बसवल्या, आणि आता देशातला एकुलता एक धड पेनीरॉयल त्याच्या अंगणात, त्याच्या कोंबडीसकट उभा होता. त्या संध्याकाळी त्याने ते नाव इतक्या वेळा घेतले की नोरीनने त्याला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितले.

मेळाव्यातली पाण्यालगतची सर्वांत चांगली जागा मिळाली. पण त्याबरोबर सूचनाही आल्या. त्या सांगायला वेन्डेल आणि जोआनबाई पुढच्या रविवारी पुन्हा केक खायला आले. पिवळा आणि हिरवा, दोन्ही रंग खरवडून काढायचे. पेनीरॉयलला रंग नसे, नुसता पत्रा असे. छताची फळी बसवायची नाही. फासळ्या दिसल्या पाहिजेत. नोरीनने निळ्या फुलांची गोधडी शिवली होती ती चालणार नाही. जोआनबाई त्यांच्याकडची त्या काळातली चादर देतील. स्टोव्हवर कॉफी ठेवायची नाही. स्टोव्हवर काहीच ठेवायचे नाही.

"आणि झोपताना चादर काढायची की वर घ्यायची?" नोरीनने विचारले.

"झोपताना?" वेन्डेल म्हणाला. देव्हाऱ्यात चपला ठेवू का, असे तिने विचारल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "नोरीन, यात झोपायचं नाही. पलंगापुढे दोरी बांधायची. रात्री तुम्ही गावातल्या मोटेलमध्ये राहा. आणि रविवारी सकाळी संग्रहालयाचा माणूस येतोय. ते आत ठेवतील, योग्य हवेत. पितळेच्या पाटीवर डेलबर्टचं नाव येईल."

"डेलबर्टचं नाव," डेलबर्ट म्हणाला.

नोरीन काहीच बोलली नाही. ती बोलत असे तोवर डेलबर्टला भीती नसे. तिने केकच्या बश्या उचलल्या, आत गेली आणि मार्लिसला फोन लावला. नंतर डेलबर्ट तिला समजावत राहिला: पुढच्या वर्षी दुसरा ट्रेलर घेऊ, नवा घेऊ, गादीचा घेऊ. ती "हो" म्हणाली. त्या "हो"मध्ये काहीच नव्हते, आणि ते त्याला कळत होते. पण पितळेची पाटीही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

जुलैत ते निघाले. ट्रेलरमध्ये खाण्याची वस्तू ठेवायला मनाई असल्यामुळे बटाट्याच्या सॅलडचे भांडे नोरीनने सगळा रस्ता मांडीवर धरले. तिची बॅग पायाशी होती. मार्लिस शनिवारी दुपारी सरोवरावरच येऊन तिला घेऊन जाणार होती.

शनिवारी मेळाव्यात सगळ्यांची दारे उघडी असतात. हातात कॉफीचा मग घेऊन लोक एकमेकांच्या ट्रेलरमधून हिंडतात, पडदे चाचपतात, कपाटे उघडतात, "किती छान" म्हणतात आणि बाहेर पडून काय चुकले आहे ते सांगतात. पेनीरॉयलपुढे सकाळपासून रांग होती. दाराच्या दोन बाजूंना वेन्डेल आणि जोआनबाई जय-विजयासारखे उभे होते आणि आळीपाळीने ऑर्गनची कथा सांगत होते. आत पलंगापुढे जोआनबाईंनी आणलेली लाल दोरी होती. सगळे दोरीपाशी येत, मान वर करून भोके पाहत आणि चर्चमध्ये बोलावे तसे बोलत.

नोरीननेही सकाळी एकदा आत पाऊल टाकले होते.

"पलंगावरून पाणी कसं दिसतं तेवढं बघू का?" तिने विचारले होते.

"बघ की," जोआनबाई म्हणाल्या होत्या. "फक्त दोरीच्या अलीकडून."

दोरीच्या अलीकडून पार्किंग दिसत होते. नोरीन आभार मानून बाहेर आली आणि घडीच्या खुर्चीवर बसून राहिली.

दुपारच्या सुमाराला ओहायोहून आलेला एक जाडजूड माणूस डेलबर्टचा हात हलवत म्हणाला, "नशीबवान आहेस गड्या. मला एक सांग, यात झोपायला कसं वाटतं?"

"माहीत नाही," डेलबर्ट म्हणाला.

"म्हणजे?"

"आम्ही झोपलो नाही कधी."

"मग घेतला कशाला?"

त्या माणसाने ते सहज विचारले आणि तो पुढे गेला. डेलबर्ट मात्र तिथेच उभा राहिला. त्याने नोरीनकडे पाहिले. तिने खुर्ची सरोवराकडे तोंड करून ठेवली होती, बॅग पायाशी होती, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन, बसची वाट पाहणाऱ्या बाईसारखी ती बसली होती. डेलबर्टला फार वाईट वाटले. स्वतःची लाज वाटली. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"रागावलीस?"

"नाही रे," ती म्हणाली. आणि ती खरेच रागावलेली नव्हती, हेच वाईट होते. "पाणी छान आहे. एवढं निळं असेल असं वाटलं नव्हतं. त्या पलंगाची गादी तू चांगली केली होतीस, डेल. हाताने दाबून बघितली होती मी."

डेलबर्ट उठला. शेजारचा ट्रेलरवाला आपली पायरी दुरुस्त करत होता. त्याच्याकडून डेलबर्टने बॅटरीवर चालणारे ड्रिल मागून घेतले आणि रांग मोडून आपल्या ट्रेलरमध्ये शिरला.

"भोकं मी पाडलीत," तो म्हणाला.

जोआनबाईंची कथा अर्ध्यावर थांबली. "काय म्हणालास?"

"फासळ्यांची भोकं. मी पाडली. मार्चमध्ये, गॅरेजात. हे पेनीरॉयल नाही. काहीच नाही हे."

"डेलबर्ट, तुला ऊन लागलंय," वेन्डेल म्हणाला. "ते ऑर्गनचं लाकूड आहे."

"जुन्या कपाटाचं आहे. आजीच्या."

"पण एका मापाची, एका अंतराने…"

"आयुष्यभर कारखान्यात दुसरं काय केलं मी? तुम्ही दोघं ऐकत नव्हता. हा पिवळं म्हणाला, पिवळं केलं. हिरवं म्हणालात, हिरवं केलं. म्हटलं, काहीतरी असं करावं की दोघांचं जमेल. मग ऑर्गनचं ऐकलं होतं कुठंतरी. बघायचंय?"

कोणी हो म्हणायच्या आत त्याने डावा हात लाल दोरीवरून पलीकडे टेकवला, उजव्या हाताने ड्रिल वर धरले आणि पलंगावरच्या फासळीत, जुन्या भोकांच्या ओळीच्या शेवटी, एक नवे भोक पाडले. अक्रोडाचा भुसा जोआनबाईंच्या त्या काळातल्या चादरीवर पडला. दारातल्या कोणीतरी "अरे देवा!" म्हटले. ड्रिल बंद झाल्यावर बाहेर मुले पाण्यात ओरडत होती तेवढेच ऐकू येत होते.

त्या ड्रिलखाली डेलबर्टचे काय झाले ते त्याचे त्यालाच माहीत. देशातल्या एकुलत्या एका धड पेनीरॉयलला त्याने भोक पाडले होते.

वेन्डेल हा गणिताचा माणूस होता. त्याने बॅटरी लावली. "नव्या भोकाची कड पांढुरकी आहे. जुन्यांची काळी आहे."

डेलबर्टने वेन्डेलच्याच हातातला मग घेतला, त्यातल्या गार कोऱ्या कॉफीत बोट बुडवले आणि नव्या भोकाच्या कडेवरून गोल फिरवले. कड काळी झाली.

"अशी," तो म्हणाला.

जोआनबाईंनी मान वर करून ती कड पाहिली. मग वेन्डेल खाकरला. "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. मी बोललो नाही एवढंच. तुझ्या जेवणाचा अपमान नको म्हणून."

"शंका?" जोआनबाई उसळल्या. "पेनीरॉयल हे नाव आधी कोण म्हणालं?"

"तू! मी फक्त लाकडाबद्दल बोललो होतो."

"आणि माझा हात कोणी धरला होता?"

दोघे भांडत बाहेर पडले. जाताना जोआनबाई परत आल्या, त्यांनी दोरी सोडली, चादर झटकून घडी केली आणि दोन्ही काखेत मारून, डेलबर्टकडे न पाहता गेल्या. संग्रहालयाच्या माणसाला कोणी फोन करायचा यावरून बाहेर जुंपलेली ऐकू येत होती. घरी बनवलेल्या ट्रेलरला खरे म्हणजे मागच्या रांगेत पाठवायला हवे होते, पण त्या गर्दीतून तो हलवणार कसा, म्हणून तोही विषय राहिला. रांग पांगली. खोट्याला कोण रांग लावतो?

डेलबर्ट बाहेर आला तेव्हा नोरीन खुर्चीवरून उठून उभी होती.

"काय झालं? जोआन माझ्याशी न बोलता गेली."

"काही नाही. मार्लिसला सांग, येऊ नको म्हणावं. ट्रेलर रिकामा झालाय."

नोरीनने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या खांद्यावरच्या भुशाकडे पाहिले, आणि काही विचारले नाही. फोन केला. फोनवर मार्लिस बरेच बोलली असावी, कारण नोरीन नुसती "हो, हो" करत होती. मग ती आत गेली, बॅगेतून निळ्या फुलांची गोधडी काढली, स्टोव्हवर कॉफी ठेवली, बूट काढून पलंगाखाली सरकवले आणि भर दुपारी आडवी झाली.

डेलबर्टला मात्र निवांतपणा नव्हता. घरी ट्रेलर बनवणारी मंडळी मागच्या रांगेतून धावत आली होती आणि त्यांना सगळे सविस्तर हवे होते. फासळीला बाक कसा दिला? लाकूड वाकवायला वाफ कशी दिली? किती तास? डेलबर्टने बाथटब सांगितला, मग बाथटबात मावणार नाही असे कोणीतरी म्हणाले म्हणून शेजाऱ्याचे गुरांचे टाके सांगितले. एकाने तर वहीत चित्र काढून घेतले. खोटे बोलणे हे खिडक्या बसवण्यापेक्षा कष्टाचे काम आहे, हे डेलबर्टला त्या दिवशी कळले.

त्यातून सुटून तो आत आला तेव्हा कॉफीचा वास पसरला होता. नोरीन उशीवर डोके ठेवून खिडकीतून पाणी पाहत होती; बाहेरचे सगळे बोलणे त्याच खिडकीतून आत येत होते. तिचा चेहरा पाहून डेलबर्टला वाटले, हे आपण फार पूर्वीच करायला हवे होते. तो तिच्या बाजूला लवंडला. गादी खरेच चांगली झाली होती.

"नोरीन," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. कोणाला बोलू नकोस."

"ती भोकं तू पाडलेली नाहीस," ती म्हणाली.

डेलबर्टने तिच्याकडे मान वळवली.

"म्हणजे शेवटचं तू पाडलंस," ती म्हणाली. "बाकीची सरळ रेषेत आहेत. ते वाकडं आहे. वर बघ."

डेलबर्टने वर पाहिले. उभ्याने काही कळत नव्हते. पण उशीवर डोके ठेवले की जुनी भोके दोरा लावल्यासारखी एका ओळीत दिसत होती, आणि सगळ्यात शेवटी त्याचे भोक ओळीतून बाहेर पडून, वाट चुकल्यासारखे बाजूला बसले होते. कोणालाही दिसले असते. पलंगावर पडलेल्या कोणालाही.

"हात थरथरत होता," डेलबर्ट म्हणाला.

"थरथरणारच," नोरीन म्हणाली, आणि तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

दारावर टकटक झाली. वेन्डेल होता. मागे जोआनबाई होत्या. वेन्डेलच्या हातात बॅटरी होती.

"डेलबर्ट," तो म्हणाला, "मला ते गुरांच्या टाक्याचं गणित जुळत नाहीये. पुन्हा एकदा आत येऊन बघितलं तर चालेल का?"

नोरीन उठून बसली, आणि पलंगाच्या अगदी मध्यभागी, पाय पसरून, नीट ऐसपैस टेकली.

"या की," ती म्हणाली. "सगळं बघा. कॉफी घ्या. फक्त पलंगावर कोणी आडवं व्हायचं नाही."